निरंक, एक नग

राजीनामा लिहायला मसुद्यांना अकरा दिवस लागले. नोकरी सोडायचं ठरवायला जेमतेम अर्धा तास लागला होता, बाकीचा सगळा वेळ भाषेवर गेला. 'सोडत आहे' की 'सोडू इच्छितो', 'आपला विश्वासू' की 'आपला नम्र', आणि 'कृपया' एकदा घालायचं की दोनदा, यावर घरात रोज जेवताना चर्चा चालायची. शेवटी बायको म्हणाली, "अहो, नोकरी सोडताय की मागताय, ते एकदा ठरवा," तेव्हा कुठे त्यांनी एक 'कृपया' खोडलं.

मसुदे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दाराच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते एकोणीस वर्षं हेडक्लार्क होते आणि कंपनीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा त्यांच्या हातचा असायचा. लोक त्यांना मसुदे म्हणू लागले आणि पुढे पुढे तर खुद्द त्यांची बायको फोनवर गॅसवाल्याला "मसुद्यांकडे पाठवा" असंच सांगू लागली. मसुद्यांना ऑफिसच्या मराठीचा फार अभिमान. पंखा बंद पडला असं ते कधी म्हणाले नाहीत. पंखा 'कार्यान्वित राहिलेला नाही' असं म्हणायचे. घरात दूध नासलं तरी "सदर दूध वापरण्यायोग्य नाही" असा शेरा ते पातेल्याकडे बघून मारायचे. लग्न झालं तेव्हा बायकोला हे विनोदी वाटलं होतं.

तर नोकरी सोडायचं कारण म्हणजे दार. गावाच्या दुसऱ्या टोकाला कड्या-कोयंडे बनवणारी एक कंपनी होती. तिने मसुद्यांना कार्यालय अधीक्षकाची जागा देऊ केली आणि त्या जागेला स्वतंत्र केबिन होती. केबिनला दार होतं. एकोणीस वर्षं मसुद्यांनी दारांच्या बिजागऱ्यांबद्दल हजारो पत्रं लिहिली, पण त्यांचं स्वतःचं टेबल मात्र पाण्याच्या पिंपाशेजारी, जाण्यायेण्याच्या वाटेवर होतं. जो तो पाणी प्यायला यायचा आणि मसुद्यांच्या कागदांवर पेला ठेवायचा. आयुष्यात एकदा तरी आपण आत बसावं, कुणीतरी बाहेरून टकटक करावं आणि आपण "या" म्हणावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. नव्या कंपनीची अट एकच: पंधरा तारखेपर्यंत जुन्या कंपनीचं कार्यमुक्ती पत्र आणि अनुभवाचा दाखला आणून द्यायचा, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं जाईल. दुसरा उमेदवार कोण हे मसुद्यांना ठाऊक नव्हतं, पण तो आत्ताच त्या दारामागे बसून "या" म्हणतोय असं त्यांना सारखं दिसायचं.

शेवटच्या दिवशी कंपनीने एक फॉर्म भरायला दिला. त्यात शेवटचा रकाना होता, 'कर्मचाऱ्याकडे शिल्लक असलेले कंपनीचे साहित्य'. मसुद्यांनी पेनचं टोपण काढलं, मनगट सैल केलं आणि लफ्फेदार अक्षरात लिहिलं: निरंक. आता दुसरा कुणी असता तर त्याने 'काही नाही' लिहिलं असतं. पण मसुद्यांच्या मते 'काही नाही' म्हणजे नुसतंच काही नाही. 'निरंक' म्हणजे तपासून, खात्री करून, पूर्ण जबाबदारीने काही नाही. तो शब्द लिहिताना त्यांना भरून आलं. या कंपनीतला आपला हा शेवटचा शब्द, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी अनुस्वार जरा ठळक केला.

पुढच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागातल्या मॅडमचा फोन आला. मॅडम नव्या, हुशार, अतिशय नम्र. सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं आणि कंपनीत येऊन तीन महिने झालेले.

"सर, तुमची एक वस्तू जमा व्हायची राहिलीये. तेवढी झाली की पत्र तयार आहे."

"कोणती वस्तू?"

"सर, तुम्हीच लिहून दिलंय ना," मॅडम जरा संकोचून म्हणाल्या. कुणाला चोरीबद्दल विचारताना सभ्य माणसं बोलतात तशा.

मसुद्यांची कानशिलं तापली. त्यांनी घर उलटंपालटं केलं. कपाटामागे कंपनीची एक फूटपट्टी निघाली, देव्हाऱ्याच्या खणात अर्धा डबा टाचण्या निघाल्या आणि ज्या पुसण्याने बायको सात वर्षं ओटा पुसत होती त्याच्या कोपऱ्यात कंपनीची खूण सापडली. "हे ऑफिसातून कधी आणलं मी?" मसुदे हबकून म्हणाले. "डबा गुंडाळून आणला होतात," बायको म्हणाली, "आणि आता मला चोर ठरवू नका." फूटपट्टी, टाचण्या आणि धुऊन घडी घातलेलं पुसणं घेऊन एकोणीस वर्षांचा हेडक्लार्क भर सकाळी कंपनीच्या फाटकावर उभा राहिला. रखवालदाराने प्रत्येक टाचणी मोजून घेतली. मॅडमनी हे सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "थँक्यू सर, पण हे यादीत नाहीये. ती दुसरी वस्तू."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. 'आपण स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केल्याप्रमाणे आपल्याकडे कंपनीचे निरंक (१ नग) शिल्लक आहे. सदर निरंक सुस्थितीत जमा केल्याशिवाय आपणांस कार्यमुक्ती पत्र व अनुभवाचा दाखला देता येणार नाही.'

मसुदे खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती, त्यामुळे ते जमिनीवर बसले. पत्रात चूक काढायला त्यांनी तीनदा वाचलं, पण मजकूर निर्दोष होता, कारण साचा त्यांचाच होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच तो बनवला होता आणि 'सुस्थितीत' हा शब्द खास सुचला म्हणून त्या दिवशी स्वतःसाठी एक जादा चहा मागवला होता.

दहा वाजता ते पुन्हा कंपनीत. "मॅडम, निरंक म्हणजे काही नाही!"

"असं कसं सर? काही नाही तर मग लिहिलंत कशाला?"

"काही नाही हेच लिहिलंय!"

मॅडम खरंच समंजस होत्या. त्यांना पाच मिनिटांत उलगडलं, त्या लाल झाल्या, सॉरीही म्हणाल्या. पण कॉम्प्युटरला कोण समजावणार? वस्तूच्या रकान्यात त्यांनी निरंक टाईप केलं होतं, 'नग' हा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना, म्हणून एक टाकलं होतं. आणि एकदा चढलेली वस्तू उतरवायचे मार्ग तीनच: जमा झाली, हरवली किंवा मोडली. हरवली म्हटलं तर चौकशी समिती. मोडली म्हटलं तर तुकडे आणून दाखवायचे.

"तुम्ही स्टोअरकीपरना विचारा ना," मॅडम म्हणाल्या, "ते म्हणाले, त्यांना माहितीये निरंक."

स्टोअरकीपर हा मसुद्यांचा जुना वैरी. पिंपातलं पाणी प्यायला सगळ्यात जास्त वेळा येणारा तोच. या माणसाने कंपनीत चोवीस वर्षांत 'मला माहीत नाही' हे वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. "निरंक ना?" चष्मा वर ढकलत तो म्हणाला, "हो, मीच इश्यू केलं असणार. मागे दोन आले होते. एक मालकांच्या केबिनमध्ये गेलं, एक तुमच्याकडे. लहान साईझचं."

"काळ्या मुठीचं?" मसुद्यांनी दातओठ खात विचारलं.

"बघा, आठवलं की नाही!" स्टोअरकीपर म्हणाला.

मसुदे तडक मालकांकडे गेले. मालक म्हणजे वयस्कर, गोड बोलणारा माणूस. त्याने दोन्ही पाय टेबलाखालून बाहेर काढले, पुढे वाकला आणि हळूच हसला. "मसुदे, निरंक म्हणजे काय हे मला कळत नाही असं समजू नका. वडिलांच्या काळापासून वह्या बघतोय मी. पण आता यादीवर चढलंय म्हणजे चढलंय. तुम्ही परत या. तुमचं टेबल तसंच ठेवलंय. मग कसलं पत्र आणि कसलं निरंक?" मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "तुम्ही गेल्यापासून एक पत्र धड गेलेलं नाही हो. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाला 'आपले प्रेत मिळाले' असं गेलं."

एक क्षण मसुद्यांचं मन पाघळलं. मग त्यांना पाण्याचं पिंप दिसलं आणि टेबलावर, त्यांच्या रिकाम्या टेबलावर, ओला पेला. "आज आठ तारीख आहे," ते म्हणाले आणि निघाले. हे काही फार जोरदार उत्तर नव्हतं, पण त्यांना ऐन वेळी नेहमी तारीखच सुचायची.

घरी येईपर्यंत बातमी जिन्यावर पोहोचली होती. मसुद्यांच्या बायकोने फक्त शिवणकामवाल्या शेजारणीला सांगितलं होतं, पण शेजारणीकडे सहा गिऱ्हाइकं मापं द्यायला आली होती. "आमच्या सासऱ्यांकडे होतं एक निरंक," शेजारीण म्हणाली, "पितळेचं. माळ्यावर असेल, बघू का?" तळमजल्यावरचा वायरमन म्हणाला की बाजारात मिळतं, पण ओरिजिनल आता येत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर काठी टेकत खाली उतरले. जगातली कुठलीही अडचण रजिस्टर पत्राने सुटते, हे त्यांचं ठाम मत. "काय असेल ते रजिस्टरने पाठवा. पोचपावती जपून ठेवा. त्यांनी नाकारलं तर परत येतं, तेही पुरावा म्हणून चालतं."

"काका, पण पाठवू काय? ते म्हणजे काहीच नाही!"

"मग वजनही कमी," पोस्टमास्तर म्हणाले, "तिकिटं कमी लागतील."

मसुद्यांनी डोकं धरलं. त्यांची मुलगी, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, एवढा वेळ पोट धरून हसत होती. ती डोळे पुसत उठली. "बाबा, ऐका. राजीनामा त्यांनी स्वीकारलाय. नोटिशीचा महिना तुम्ही पूर्ण भरलाय. हिशेब झालाय. मग ही पत्रं म्हणजे मालकांची मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, मुदत द्या. नाही दिलं तर कामगार कार्यालयात जायचं. आणि एक करा, अर्ज मी लिहिते."

शेवटचं वाक्य मसुद्यांना लागलं. एकोणीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे अर्ज लिहिले त्याचा अर्ज पोरगी लिहिणार? ते टेबलाशी बसले आणि संध्याकाळपर्यंत अकरा पानी अर्ज झाला. पहिली चार पानं 'निरंक' या शब्दाच्या अर्थावर होती. मुलीने निमूटपणे त्याखाली आपला सहा ओळींचा कागद पिनेने जोडला.

दहा तारखेला कंपनीने अर्ज घेतला आणि अकराला उत्तर दिलं: निरंक जमा करावे. बाराला मसुदे कामगार कार्यालयात बाकावर बसले होते. हातात एकतीस नंबरचं टोकन, मांडीवर फाईल. शेजारचा माणूस म्हणाला त्याचं ओळखपत्र अडवलंय, पलीकडची बाई म्हणाली तिला दोन वर्षं दाखला दिलेला नाही. "तुमचं काय अडलंय?" त्यांनी विचारलं. मसुद्यांनी सांगितलं. ती दोघं थोडी सरकून बसली.

कामगार अधिकारी बाई होत्या, गळ्यात दोरीचा चष्मा, समोर फायलींचा ढीग. त्यांनी अकरा पानांचं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग शेवटचा सहा ओळींचा कागद वाचला. मग फॉर्मची प्रत बघितली. मग कंपनीचं पत्र. त्यांनी चष्मा काढला, तोंडावर पदर धरला आणि त्यांचे खांदे हलू लागले. शिपाई पाणी घेऊन धावला. मसुदे ताठ बसून राहिले, कारण हसण्यासारखं त्यात त्यांना अजून काही दिसलं नव्हतं.

"हे बघा," बाई एकदाच्या म्हणाल्या, "कागद त्यांना अडवता येणार नाहीत. मी नोटीस काढते. पण सुनावणीची तारीख वीस मिळेल."

"बाई, मला पंधराच्या आत पाहिजे. तिथे..." मसुद्यांना ऑफिसचा शब्द सापडेना. "तिथे दार आहे हो. मला खोली मिळणार आहे. सेहेचाळीस वर्षांचा झालो मी. पुन्हा कोण देणार?" एवढं साधं मराठी ते घराबाहेर प्रथमच बोलले असावेत.

बाईंनी हसू आवरलं. फोन उचलला, मालकांना लावला आणि स्पीकर चालू केला. मालकांचा गोड आवाज खोलीत पसरला: "मॅडम, आम्ही कुठे अडवतोय? पत्र तयार आहे. त्यांनी निरंक जमा करावं, त्याच दिवशी घेऊन जावं."

"निरंक जमा केलं की त्याच दिवशी देणार?"

"त्याच दिवशी, मॅडम!"

"छान. एवढं मला लेखी कळवा. आत्ताच," बाई म्हणाल्या. कागद दहा मिनिटांत आला. त्यांनी त्याची प्रत काढून मसुद्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा. जमा करा."

मसुदे कागदाकडे बघत राहिले. मग, बाविसाव्या वर्षी लग्नाला होकार मिळाल्यावर आला होता तसा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर आला.

चौदा तारखेला सगळा जिना कामाला लागला. शेजारणीने बुटांचं एक चांगलं खोकं दिलं, वायरमनने चिकटपट्टी, पोस्टमास्तरांनी लाख आणली आणि सहा जागी सील ठोकलं. आत मसुद्यांनी काहीही ठेवलं नाही. ठेवताना मात्र ते फार काळजी घेत होते. दोनदा उघडून खात्री केली. वरती लेबल: 'निरंक, १ नग. सुस्थितीत. जपून हाताळावे.' बायको म्हणाली, "एवढं जपून मला कधी नेलं नाहीत कुठे." पण ती फाटकापर्यंत सोबत आली.

स्टोअरकीपरने सील फोडलं, झाकण उघडलं आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मागे मॅडम उभ्या होत्या, रखवालदार होता, कारखान्यातले सात-आठ जण हात पुसत जमले होते.

"हे... रिकामं आहे," तो म्हणाला.

"बरोबर," मसुदे म्हणाले. "तुम्हीच इश्यू केलं होतंत. ओळखलंत ना?"

स्टोअरकीपरने सगळ्यांकडे पाहिलं. चोवीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. त्याने खोकं उचललं, तिरपं करून उजेडात धरलं, आत बोट फिरवलं. "हो हो," तो म्हणाला, "तेच आहे. लहान साईझचं." मग मूठ शोधल्यासारखं करून म्हणाला, "मूठ निघालेली दिसते."

"ती आधीपासून नव्हती!" मसुदे गरजले.

"बरं, बरं. मूठ नव्हती," स्टोअरकीपरने माघार घेतली आणि वहीत नोंद केली: निरंक, एक, विनामूठ, मिळाले. शिक्का मारला. कारखान्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं, पडदा हिरवा झाला आणि त्यांनी आनंदाने उडी मारली.

मालकांनी ती पावती वाचली, आपला लेखी कागदही वाचला. मग हसू लागले, आणि या वेळी ते खरोखर हसत होते. "हरलो, मसुदे. पण पत्र तयार आहे म्हणालो ते खोटं. लिहायला माणूसच नाही. तुम्हीच लिहून द्या."

म्हणून मसुदे एकदा शेवटचे त्या पिंपाजवळच्या टेबलाशी बसले. ओला पेला त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःचं कार्यमुक्ती पत्र लिहिलं. दाखल्यात वागणुकीचा रकाना आला तेव्हा पेन थांबलं. स्वतःची स्तुती स्वतःच कशी करायची? ते पुढच्या रकान्याकडे वळले, 'तक्रारी', आणि हात सवयीने 'नि' काढू लागला. मसुद्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी कागद फाडला, दुसरा घेतला आणि शाळेतल्या मुलासारखं सुटं सुटं लिहिलं: एकही नाही. वागणुकीचा रकाना मालकांनी स्वतः भरला. त्यांनी एकच ओळ लिहिली, 'यांची जागा भरून निघत नाही', आणि त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती. मसुद्यांनी ती पाहिली आणि पहिल्यांदाच दुरुस्त केली नाही. दाराबाहेर येऊन त्यांनी नाक शिंकरलं.

पंधरा तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता, मसुदे कड्या-कोयंड्यांच्या कंपनीत हजर झाले. दोन्ही कागद दाखवले, दोन्ही ठीक निघाले. केबिन लांबून दाखवण्यात आली. दार होतं, बंदही होत होतं. तिथल्या वयोवृद्ध क्लार्कने रुजू होण्याचा फॉर्म पुढे केला. शेवटचा रकाना होता, 'आधीच्या ठिकाणचे साहित्य उमेदवाराकडे शिल्लक असल्यास'.

मसुद्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि स्वच्छ, जाड, कुणालाही कळेल अशा अक्षरात लिहिलं: काही नाही.

क्लार्कने चष्मा लावून वाचलं. कपाळाला आठ्या घातल्या. लाल पेन उचललं आणि ते दोन्ही शब्द खोडले.

"अहो साहेब, एवढ्या वर्षांचा अनुभव तुमचा, आणि हे माहीत नाही? इथे 'निरंक' लिहायचं असतं."

मसुदे त्या लाल रेघेकडे बघत राहिले. मग लांब, उघड्या राहिलेल्या केबिनच्या दाराकडे. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं,

"नग किती लिहू?"